मार्ग दाखवणाऱ्याचे ऋण



श्रद्धा ही देवाची देणगी आहे, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणीच शिकतो. पण देणगी जर देवाची, तर आभार माणसांचे कशासाठी मानायचे? मत्तयच्या शुभवर्तमानात, २३ व्या अध्यायात, प्रभू येशू शिष्यांना बजावतो की स्वतःला गुरू म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एकच आहे. मग आजीने शिकवलेली रोझरी, मास्तरांनी पाठ करून घेतलेल्या प्रार्थना, पापनिवेदनाच्या वेळी धीर देणारा धर्मगुरू, यांचे आपल्यावर काहीच ऋण नाही का?

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी शिक्षकाची तुलना वैद्याशी केली आहे. वैद्य औषध देतो, पण माणूस बरा होतो तो मुख्यतः त्याच्या शरीरातल्याच शक्तीने. तसाच शिक्षक ज्ञान बाहेरून आत ओतत नाही. देवाने शिकणाऱ्याच्या ठायी ठेवलेल्या प्रकाशाला तो साहाय्य करतो. बरे करणारी शक्ती देवाची आहे, म्हणून आपण वैद्याचे उपकार विसरत नाही. मार्गदर्शकाचेही तसेच आहे. त्याचा वाटा मर्यादित असतो, पण खरा असतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या नाशिकला परके नाहीत. त्यांचे शिक्षण येथे झाले, पत्नी लक्ष्मीबाईंचे माहेर जवळच्या जलालपूरचे. ते प्रॉटेस्टंट पंथात गेले, तरी त्यांची भजने सर्व मराठी ख्रिस्ती जनांची झाली आहेत. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. दोघांच्या गप्पा झाल्या. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली. १८९५ साली टिळकांनी स्नानसंस्कार घेतला. त्या प्रवाशाचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? त्याने आपल्या वाट्याचे काम केले आणि तो बाजूला झाला.

लक्ष्मीबाईंची कथा वेगळी. पतीच्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडून पडला आणि काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे-ओवळे लगेच सोडले नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांना पटले ते स्वतः विचार करून. १९०० साली त्यांनी स्नानसंस्कार घेतला. पतीची सोबत होती, पण निर्णय त्यांचा होता.

खऱ्या मार्गदर्शकाची ओळख इथेच पटते. तो आपला हात प्रभूच्या हाती देतो, स्वतःच्या मुठीत धरून ठेवत नाही. म्हणून कृतज्ञता म्हणजे आंधळी आज्ञाधारकता नव्हे. कोणी श्रद्धेच्या नावाखाली तुमची विवेकबुद्धीच मागत असेल, भीती घालत असेल, घरच्यांपासून गोष्टी लपवायला लावत असेल, तर त्याला ठामपणे 'नाही' म्हणणे हा कृतघ्नपणा नाही. मग तो धर्मगुरू का असेना!

आता हे ऋण फेडायचे कसे? अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत एके काळी फादर क्वचितच पोहोचत. मधल्या दिवसांत लोकांना प्रार्थनेसाठी जमवणारे, मुलांना क्रूसाची खूण शिकवणारे मास्तर होते. त्यांतील बहुतेक आज हयात नाहीत. त्यांच्यासाठी मिस्सामध्ये प्रार्थना करावी, हे योग्यच. पण त्यांनी आपल्याला जे दिले ते परत मिळावे म्हणून दिले नव्हते. ते पुढे जावे म्हणून दिले होते. तेव्हा हे ऋण मागे वळून नव्हे, पुढच्याला देऊनच फिटते.

आपल्यापैकी अनेक जण कोणाचे तरी धर्मपिता किंवा धर्ममाता आहेत. स्नानसंस्काराच्या दिवशी फोटो निघाला, भेटवस्तू दिली, पुढे काय? ते मूल आज कितवीत आहे, त्याला कसली भीती वाटते, ते प्रार्थना करते का, हे आपल्याला ठाऊक आहे का? या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन या. उपदेश नको. त्याचे बोलणे ऐका आणि निघताना त्याच्याबरोबर एक 'हे आमच्या बापा' म्हणा. ज्यांनी आपल्याला ही प्रार्थना शिकवली, त्यांचे आभार याहून चांगल्या रीतीने कसे मानता येतील?

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू