ते ‘हो’ कोणाचे?



पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी आम्ही घरोघर जातो. गेल्या खेपेस एका घरी प्रार्थना संपताच अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींनी उशीखालून नवा कोरा स्मार्टफोन काढला. कुवेतच्या लेकीने पैसे पाठवले होते आणि कॉलेजात जाणाऱ्या नातवाने स्टेशनजवळच्या दुकानातून फोन आणून, ताटे वाढून होईपर्यंत तो चालूही करून दिला होता. आजींना त्याचे कौतुक होतेच. पण मनात एक खटकत होते. “फादर, फोन सारखा काही विचारत होता आणि हा सारखा ‘हो’ दाबत होता. मी म्हटले, काय विचारतो रे? तर म्हणे, काही नाही आजी, सगळ्यांनाच विचारतात. आता ते ‘हो’ त्याचे झाले की माझे?”

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या परीक्षेला इतका नेमका प्रश्न आम्हाला कोणी घातला नव्हता. उत्तर न देताच आम्ही पुढच्या घरी गेलो, हे कबूल करतो.

ख्रिस्तसभेने ‘हो’ या शब्दाचा विचार फार बारकाईने केला आहे. संत थॉमस अक्वायनस यांच्या मांडणीत संमती ही विचारविनिमयानंतर येते. आधी मन गोष्ट तोलते, मग इच्छाशक्ती होकार देते. गंभीर पाप ठरण्यासाठीही विषय गंभीर असणे पुरत नाही, पूर्ण जाणीव आणि जाणूनबुजून दिलेली संमती लागते, असे धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. विवाहाचे तर आपण जाणताच. लग्न ठरले की आम्ही वर आणि वधू यांना वेगवेगळे बसवून विचारतो : कोणाची जबरदस्ती नाही ना? काय स्वीकारता आहात ते समजले आहे ना? १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार ही संमती दुसरी कोणतीही मानवी सत्ता भरून काढू शकत नाही. आईवडिलांनी हजार वेळा ‘हो’ म्हटले तरी मुलीच्या एका ‘हो’ची जागा ते घेऊ शकत नाहीत.

या मापाने पाहिले तर फोनवरच्या होकारांना आपण होकार म्हणावे तरी कसे? आजींच्या फोनने पहिल्याच पडद्यावर भाषा विचारली होती. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये मराठी असते. नातवाने आपल्या सोयीने इंग्रजी निवडली आणि तिथेच आजींचा पुढचा प्रत्येक ‘हो’ बाद झाला, कारण त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. आपल्या देशात २०२३ साली झालेल्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले आहे, आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी असेही. त्यात मराठी आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. कायदेपंडित आणि धर्मपंडित एकाच ठिकाणी पोहोचले हे वाचून आम्हाला बरे वाटले. पण भाषेचे बटण शेवटी नातवाच्याच बोटाखाली असते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. कंपनीच्या लांबलचक अटी असतात, त्या मान्य केल्याशिवाय फोन पुढेच सरकत नाही. त्या आम्हीही वाचल्या नाहीत. जेथे नकार द्यायला जागाच नाही तेथे होकाराचा नैतिक भारही हलका असतो, असे आमचे मत आहे. अ‍ॅपने मागितलेल्या परवानग्यांचे मात्र तसे नाही. कॅमेरा, माइक, ठिकाण, संपर्कयादी या प्रत्येकासाठी फोन थांबतो आणि विचारतो. ‘नको’ म्हणता येते. कॅमेरा, माइक आणि ठिकाण यांना ‘फक्त या वेळी’ म्हणण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०२० साली आली. म्हणजे तेथे स्वातंत्र्य आहे आणि घाईत आपण ते वापरत नाही. ज्याने सत्य जाणून घेण्याची फारशी तसदी घेतली नाही त्याचे अज्ञान त्याला पूर्ण माफी देत नाही, ही शिकवण येथे लागू पडते.

आता आमचीच गोष्ट. संबंधित गृहस्थांच्या परवानगीने लिहीत आहोत.

धर्मगुरूच्या फोनमध्ये कितीतरी कुटुंबांचे नंबर असतात. एकाच नावाची पाच-सहा माणसे, म्हणून आम्ही नावापुढे खूण लिहीत असू : कोणापुढे गल्ली, कोणापुढे गायनमंडळ, आणि एका गृहस्थांपुढे ‘व्यसनमुक्ती’, कारण ते त्या कामी सल्ल्याला येत असत. अनोळखी फोन कोणाचा हे दाखवणारे एक अ‍ॅप आम्ही नवा फोन घेतला त्या संध्याकाळी घातले. त्याने संपर्कयादी मागितली, आम्ही दिली. अशी काही अ‍ॅपे लोकांच्या याद्यांतली नावे गोळा करूनच चालतात, हे आम्हाला नंतर कळले. काही महिन्यांनी ते गृहस्थ आले. कामाच्या ठिकाणी त्यांनी एकाला फोन केला, तर समोरच्या पडद्यावर त्यांच्या नावाशेजारी तो शब्द उमटला होता. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “फादर, हे फक्त तुम्हालाच माहीत होते.”

कबुलीजबाबाची गुप्तता याहून निराळी आणि अभंग आहे, हे स्पष्ट करतो. तरीही विश्वासाने सांगितलेली गोष्ट आमच्या एका बोटाने बाहेर गेली. कॅमेऱ्याला होकार दिला तर आम्ही आमचा चेहरा दिला, पण यादीला होकार दिला तेव्हा दुसऱ्यांची माणसे दिली. ती आमची नव्हतीच, मग देणारे आम्ही कोण? याच वाटेने कर्ज देणाऱ्या काही अ‍ॅपांनी कर्जदाराच्या नातेवाइकांना, शेजाऱ्यांना फोन करून धमकावल्याच्या तक्रारी देशभर झाल्या. २०२२ साली रिझर्व्ह बँकेने अशा अ‍ॅपांना संपर्कयादीला हात लावण्यास मनाई केली. फसवे अ‍ॅप मनाईला भीक घालत नाही ही गोष्ट वेगळी.

आता आजींच्या प्रश्नाकडे. विवाहाचे उदाहरण घेतले तर नातवाचा ‘हो’ आजींचा होत नाही. पण आपल्याच ख्रिस्तसभेत दुसऱ्यासाठी ‘हो’ म्हणण्याची एक जागा आहे : स्नानसंस्कार. बाळाला बोलता येत नाही म्हणून आईवडील आणि धर्ममातापिता श्रद्धा प्रकट करतात. आम्ही तो होकार मानतो, कारण बोलणारे पुढची जबाबदारीही उचलतात. बाळाला श्रद्धेत वाढवायचे, आणि ते जाणते झाले की त्याने स्वतः, स्वतःच्या तोंडाने, तीच वचने पुनरुत्थानाच्या रात्री म्हणायची. नातू असा धर्मपिता होऊ शकतो. मग मात्र दहा मिनिटांत उठून चालणार नाही. आजी तर बाळही नाहीत. त्यांना बोलता येते, विचारता येते, त्यांनी विचारलेही होते.

या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा नातवाला शेजारी बसवले. भाषा मराठी केली, अक्षरे मोठी केली. सेटिंग्जमधली परवानग्यांची यादी उघडून तो एकेक वाचत गेला. व्हॉट्सअ‍ॅपला कॅमेरा? “द्या, लेक दिसते.” एका विजेरीच्या अ‍ॅपने ठिकाण मागून ठेवले होते. “दिव्याला कशाला पाहिजे मी कुठे आहे ते? काढ.” फोनमध्ये आधीच विजेरी असते हे नातवाने सांगितल्यावर ते अ‍ॅपच काढले. पिन आजींनी स्वतः ठरवला आणि आम्हा दोघांना तोंड फिरवायला लावले. सगळे मिळून पाऊण तास लागला. त्या दिवशी पुढच्या तीन घरी आम्हाला उशीर झाला, त्यांची क्षमा मागतो.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात युवक मंडळाची मुले बसणार आहेत. ज्या ज्येष्ठांनी नवा फोन घेतला आहे त्यांनी तो चार्ज करून आणावा, चष्माही आणावा. शक्य असेल त्यांनी ज्याने फोन चालू करून दिला त्यालाही सोबत आणावे.

आपले धर्मगुरू