बंडखोराची मागणी

वणीच्या बाजारात, सप्तशृंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या तरुणांच्या मोबाइलवर अलीकडे एक चित्रफीत फिरते आहे. जामिनावर सुटलेल्या कुणा गुंडाची मोटारींच्या ताफ्यासह निघालेली मिरवणूक, तिला जोडून फाशी गेलेल्या राघोजी भांगरे यांचे चित्र, आणि शेवटी बंदुका घेतलेले बॉनी पार्कर व क्लाइड बॅरो हे अमेरिकन जोडपे; सरकार ज्याला दरोडेखोर म्हणते तोच गरिबांचा खरा नायक, असा त्या साऱ्याचा मथितार्थ. हा राघोजींचा गौरव नसून अधिक्षेप आहे असे मी समजतो, आणि तो अजाणता होत असल्यामुळेच त्याची मीमांसा करणे अगत्याचे वाटते.

रॉबिन हूडपासून उमाजी नाइकांपर्यंतची परंपरा वाचकांच्या परिचयाची आहे, आणि इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी १९६९ साली दरोडेखोरांवरील आपल्या ग्रंथाने तिला विद्वन्मान्यता मिळवून दिली, हेही सर्वश्रुत आहे. ज्या स्थित्यंतराचा अर्थ मात्र हटकून चुकीचा लावला जातो, ते १८१८ नंतरच्या काही दशकांत आपल्याच डोंगरांत घडले. त्यापूर्वी घाटवाटांची राखण करणाऱ्या नाइकांचे हक्क बुडाले म्हणजे ते डोंगरात शिरत, लूटमार होई, निरपराधही भरडले जात. परंतु त्या बंडाच्या पोटात एक अर्ज असे, आणि बोलणी होऊन कौल मिळाला की नाईक पुन्हा चाकरीवर रुजू होऊ शके. कंपनी सरकारने गडांची शिबंदी मोडली, सारा रोखीने मागितला, सावकाराच्या कर्जरोख्यामागे दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा उभा केला, आणि अर्ज ऐकणारा दरबार नाहीसा होऊन केवळ अपराध मोजणारे दप्तर उरले. सावकारांची नाके कापणारे राघोजी या कोंडीतून निर्माण झाले. २ जानेवारी १८४८ रोजी ते पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. इंग्रजांनी आकसाने क्रांतिवीराला दरोडेखोर ठरविले, एवढाच बोध यातून जो घेतो तो शिक्का उलटा करून मोकळा होतो, आणि मग कोणताही दरोडेखोर त्याला क्रांतिवीर दिसू लागतो.

भागोजी नाइकांची हकीकत या बाबतीत फार बोलकी आहे. नांदूर शिंगोट्याचे हे भिल्ल नाईक अहमदनगरच्या पोलिसांत नोकरीला होते. १८५५ साली शिक्षा होऊन ते सुटले, तेव्हा वर्षभराच्या चांगल्या वर्तनाचा जामीन त्यांच्याकडून घेण्यात आला. मानी मनुष्य गाव सोडून डोंगरात गेला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी शरण येण्याचा निरोप घेऊन दोन शिपाई त्यांच्याकडे गेले असता, दोन वर्षांचा थकलेला पगार द्यावा आणि निर्वाहाची तजवीज करावी, तरच येईन, असे त्यांनी कळविले. पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री याने उत्तरादाखल चढाईचा हुकूम दिला आणि त्या चकमकीत तो स्वतः मारला गेला. पुढे ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यातील मिठसागऱ्याजवळ इंग्रज पोलीस अधिकारी फ्रँक सूटर याच्या तुकडीने भागोजींना ठार केले. सत्तावनच्या धामधुमीतही हा मनुष्य पगार मागत होता. मान्य करता येईल अशी, आणि मान्य झाली असती तर रक्तपात टळला असता अशी त्याची मागणी होती. बंडखोर ओळखण्याची माझी कसोटी ती हीच.

आता त्या अमेरिकन जोडप्याकडे पाहावे. २३ मे १९३४ रोजी लुइझियानात फ्रँक हेमर हा पोलीस अधिकारी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दबा धरून त्यांच्या मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव केला. जमलेल्या लोकांनी प्रेतांचे केस आणि कपड्यांचे तुकडे कापून नेले, आणि ती छिद्रांकित मोटार पुढे जत्रांतून पैसे घेऊन दाखविण्यात आली. महामंदीत बँकांनी नाडलेल्या जनतेचे प्रेम असे याचे स्पष्टीकरण देतात. परंतु त्यांनी लुटले ते बहुतांशी लहान दुकानदार आणि पेट्रोलपंपवाले, आणि १ एप्रिलला त्यांच्या टोळीने दोन तरुण पोलिसांना मारले तेव्हा लोकमत त्यांच्यावर उलटले होते. गरिबांच्या कैवाऱ्यांचे तेज त्यांना मुख्यतः १९६७ च्या चित्रपटाने चढविले. क्लाइडला तुरुंगातील छळाचे गाऱ्हाणे होते, हे नाकारता येत नाही. पण कोणती गोष्ट मिळाली असता आपण थांबू, हे त्याने कधी सांगितले नाही.

याउलट १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज हिसकावून जाळले, पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरले, आणि १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. कारण त्या जाळपोळीत कोणालाही वाचता येईल अशी मागणी होती. वणीच्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे, की राघोजींच्या शेजारी कोणाचेही चित्र लावण्यापूर्वी त्या माणसाची मागणी काय होती हे शोधावे, आणि ती सापडत नसेल तर ते चित्र तेथून काढून टाकावे.