छंद म्हणून, पण किती वाजता?

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तीन वर्षांत त्यांनी कोणकोणते अभ्यासक्रम घेतले याची यादी उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मनचा एकेक प्राथमिक वर्ग. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण भारतातल्या जातिव्यवस्थेवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध मे १९१६ मध्ये वाचला गेला तो अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. जे चार वर्ग मुख्य विषयाबाहेरचे म्हणून कुणी सहज खोडले असते, त्यांतल्या एका टेबलाभोवती हे घडलं.

थोरांची उदाहरणं दिली की मुलं जांभया देतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. बाबासाहेबांइतकी वाचनाची भूक कुणाला शिकवता येत नाही. पण या यादीत विद्यार्थ्याइतकंच विद्यापीठही दिसतं. अर्थशास्त्राच्या मुलाला मानववंशशास्त्राच्या वर्गात बसता येत होतं, एवढी साधी सोय तिथे होती. आपलं मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभं राहिलं. कॉलेजांनी शिकवायचं, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची, असा तो घाट होता. अशा घाटात अभ्यासक्रम आधी ठरतो, विद्यार्थी नंतर येतो. दोन विषयांत जीव अडकलेला मुलगा त्यात बसत नाही, त्याला बसवावं लागतं.

हे बसवणं सुरू होतं दहावीच्या निकालानंतर. पदवीचा निर्णय बारावीनंतर होतो असं आपण म्हणतो, पण निम्मा निर्णय अकरावीच्या फॉर्मवरच उरकलेला असतो. सायन्स घेतलं की पुढचा प्रश्न: मॅथ्स ठेवायचं की बायो? सीईटीचा ग्रुप पीसीएम की पीसीबी? त्यात बायफोकलची भानगड. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा दोनशे मार्कांचा विषय घेतला की दुसरी भाषा सुटते आणि आणखी एक विषय सुटतो. पीसीएमवाल्याचं बहुधा बायो जातं. मार्क चांगले पडतात म्हणून पालक खूश. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने एका दुपारी मराठी आणि जीवशास्त्र दोन्ही कायमचं सोडून दिलेलं असतं, आणि घरात कुणाला तसं वाटतही नाही, कारण त्या दुपारी सगळ्यांचं लक्ष कटऑफकडे असतं.

माझी भाची अशीच अडकली होती. जीवशास्त्र तिला मनापासून आवडतं, आणि इतिहास त्याहून थोडा जास्त, हे ती फक्त माझ्याशी बोलते. जेवणाच्या टेबलावर तिच्या बाबांनी तोडगा काढला, “अगं, इतिहास छंद म्हणून कर ना, कोण नाही म्हणतंय?” तिने विचारलं, “छंद म्हणून, पण किती वाजता?” क्लास, कॉलेज, पुन्हा क्लास, टेस्ट सिरीज, रविवारी पेपर डिस्कशन. वेळापत्रक फ्रिजवरच चिकटवलेलं होतं. तिच्या आईने ते काढून टेबलावर ठेवलं आणि सगळे त्याच्याकडे बघत बसले. नीटच्या वर्षात इतिहासाला जागा मिळाली ती रात्री साडेदहानंतर.

‘छंद म्हणून कर’ हा मराठी मध्यमवर्गाचा सर्वांत गोड नकार आहे. आणि या नकाराच्या समर्थनार्थ हमखास पुढे केलं जाणारं नाव म्हणजे डॉ. श्रीराम लागू. आधी कान-नाक-घशाचे सर्जन झाले, मग नट झाले, असं सांगतात. सांगण्यात फक्त क्रम चुकतो. लागू वैद्यकीय शिक्षण घेत असल्यापासून नाटकं करत होते. पुण्यात भालबा केळकरांच्या बरोबरीने पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, उभी करण्यात ते होते. डॉक्टरकी करत असताना नाटक त्यांनी मनात जपून ठेवलं नव्हतं, ते संध्याकाळी तालमीत चालू होतं. १९६९ साली, बेचाळिशीच्या सुमारास त्यांनी प्रॅक्टिस सोडली, ती वीसेक वर्षांच्या सरावावर.

इथे मला जे म्हणायचं आहे ते सांगतो. दोन आवडींपैकी कोणती जास्त खरी, हा प्रश्न सतरा वर्षांच्या माणसाला विचारण्यात अर्थ नाही. त्याचं उत्तर दर पंधरवड्याला बदलतं आणि ते बदलायलाच हवं. विचारायचं ते हे की कोणत्या आवडीला विद्यापीठाकडून काय लागतं. काहींना परवाना लागतो. डॉक्टर, आर्किटेक्ट, वकील हे नोंदणीशिवाय होता येत नाही आणि नोंदणी पदवीशिवाय नाही. काहींना प्रयोगशाळा लागते, जी घरी उभारता येत नाही. काहींना चढती शिडी लागते. गणितात मधल्या चार पायऱ्या सोडून पाचवीवर उडी मारता येत नाही, आणि पाच वर्षांनी परतलेल्याला पहिल्या पायऱ्याही निसरड्या झालेल्या असतात. आणि काही आवडींना फक्त माणसं लागतात: ठरावीक वेळी, ठरावीक जागी, आपण गेलो नाही तर चिडणारी माणसं. नाटक, वादविवाद, ट्रेकिंग, बऱ्याच अंशी लेखनसुद्धा या जातीचं.

असं पाहिलं की बऱ्याच भांडणांतली हवा जाते. कायदा आणि इतिहास यांत अडकलेल्याला घाई कसली? कोणतीही पदवी झाल्यावर तीन वर्षांचा एलएल.बी. करता येतो. एमबीए, पत्रकारिता, स्पर्धा परीक्षा, सगळ्यांना ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ चालतो. अर्थशास्त्र आवडणाऱ्याने मात्र बारावीला गणित सोडण्याआधी दहादा विचार करावा. पुढच्या चांगल्या संस्था ते गणित मागतात आणि तेव्हा बी.ए.चे गुण कामाला येत नाहीत. थोडक्यात, जे नंतर घेता येणार नाही ते आधी घ्यावं, भले ते आवडीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर का असेना. रसिकांना हा हिशेब रूक्ष वाटेल, पण मला तो आवडीच्या बाजूचा वाटतो. पहिल्या क्रमांकाची आवड पदवीच्या खिडकीबाहेरही तग धरते का, हे पाहायचा तो एक मार्ग आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे याचं मला सुचणारं सर्वांत चांगलं उदाहरण. गोव्यात जन्मलेला हा मुलगा हार्वर्डमध्ये शिकत असताना जॉर्ज बर्कहॉफ यांच्यासारख्या बड्या गणितज्ञाने त्याला सांगितलं की गणितावरच लक्ष दे. त्याने ऐकलं नाही, भाषांचे आणि इतर विषयांचे वर्ग घेत राहिला आणि १९२९ साली पदवी घेतली. पण पुढची कित्येक वर्षं पोट भरलं ते गणित शिकवून, त्यांतली बरीच फर्ग्युसनमध्ये. इतिहास आला तो गणिताच्याच दारातून. चांदीची आहत नाणी घेऊन ते एकेक नाणं तराजूत तोलत. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, आणि मागच्या बाजूला वेळोवेळी मारलेले ठसे वाढत जातात. जितके ठसे जास्त तितकं सरासरी वजन कमी, हे आकड्यांनी दिसलं की ढिगातल्या नाण्यांचा काळाचा क्रम लावता येतो. हजारो नाणी अशी तोलणं हे काम इतिहासाच्या पदवीधराला सुचलं नसतं आणि निव्वळ गणितज्ञाने त्यात वेळ घालवला नसता. उलट दिशेचा प्रवास, इतिहास करून चाळिशीत संख्याशास्त्राकडे, मला फारसा आढळलेला नाही. याची किंमतही त्यांनी मोजली. १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. दोन विषयांत पाय असलेल्या माणसाला दोन्हीकडचे लोक पाहुणा समजतात. हे मुलांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

निर्णय लांबवणं हाही एक निर्णय असतो, पण आपल्याकडे त्याला ‘वर्ष वाया घालवणं’ म्हणतात. पुण्यात २००६ साली सुरू झालेल्या आयसरने पाच वर्षांच्या बीएस-एमएसमध्ये सुरुवातीला सगळ्यांना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित सक्तीने शिकायला लावलं. बारावीला बायो सोडून सुटलो म्हणणाऱ्या मुलांपुढे पुन्हा पेशी येऊन उभी राहिली. काहींनी कपाळावर हात मारला असेल, काही तिथेच रमले असतील. शोधायला वेळ दिला तर शोध लागतो, हे त्या संस्थेने तरी मान्य केलं.

नव्या शैक्षणिक धोरणाने हे तत्त्व आता साध्या कॉलेजांपर्यंत आणलं आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह. यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायलाही मुभा दिली, म्हणजे दिवसा बी.एस्सी. आणि मुक्त विद्यापीठातून इतिहासाची बी.ए., असं कायदेशीरपणे करता येतं. कागदावर हे फार चांगलं आहे. पण तालुक्याच्या कॉलेजात विभाग मोजके, काही विषयांना तासिका तत्त्वावरचा एकच मास्तर. तिथे मायनर आवडीने निवडलं जात नाही, मास्तर कोणत्या वारी येतो त्यावर ठरतं. एसटीची शेवटची गाडी पाचला असेल तर चारचा इलेक्टिव्ह कुणी घेत नाही. मुलींच्या बाबतीत तर विषयाच्या आधी होस्टेलचा प्रश्न येतो. ज्या गावात मावशी राहते तिथे मिळेल ती पदवी, असे निर्णय मी इतके पाहिले आहेत की आवडीनिवडीवर लेख लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतं.

तरीही ज्याला निवडीची थोडी जागा आहे, त्याने पदवीइतकंच कॉलेज संध्याकाळी पाचनंतर काय करतं हे पाहावं. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका १९६३ पासून चालू आहेत आणि त्यात इंजिनिअरिंग, मेडिकलची मुलं हिरिरीने उतरतात. लागूंना पीडीए मिळाली तशी त्यांना तालमीची खोली मिळते. भाचीचं शेवटी जीवशास्त्रच ठरलं, पण कॉलेज निवडताना तिने प्राचार्यांच्या ऑफिसात जाऊन ओपन इलेक्टिव्हची यादी मागितली. क्लार्कने सांगितलं, ती प्रवेशानंतर मिळते. ती म्हणाली, मग मागच्या वर्षीची दाखवा, कोणत्या वाराला कोणता तास होता आणि प्रत्यक्षात किती झाले तेही. त्यांनी फाईल शोधायला सुरुवात केली तेव्हा मागे रांगेत उभ्या असलेल्या दोन पालकांनीही तीच यादी मागितली.