हिशेबाची वही विकायला काढताना

घरखर्चाचा मेळ बसावा म्हणून कुणीतरी एक्सेलमध्ये स्वतःपुरता एक तक्ता आखतो. तो वर्षभर नीट चालतो. मग बहीण मागून घेते, ऑफिसातला सहकारी मागतो, आणि हे विकता येईल असा विचार मनात येतो. या विचारात काही वावगे नाही. अमेरिकेतल्या युटामध्ये जेसी मीचम या हिशेबशास्त्राच्या विद्यार्थ्याने नेमके हेच केले. नुकतेच लग्न झालेले, हातात पैसा बेताचा. स्वतःच्या संसारासाठी बनवलेली स्प्रेडशीट त्याने २००४ साली इंटरनेटवर विकायला ठेवली. भाड्याला थोडा हातभार लागावा, एवढीच अपेक्षा होती. ‘यू नीड अ बजेट’ ही आजची मोठी कंपनी त्यातून उभी राहिली.

त्याने नेमके काय विकले, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. बेरीज-वजाबाकीचे रकाने कोणताही वाणिज्य शाखेचा विद्यार्थी तासाभरात आखून देईल, आणि एक्सेलची फाइल एकाने घेतली की दहा जणांकडे फुकट जाते. रकान्यांना किंमत नव्हतीच. किंमत होती ती त्यामागच्या चार नियमांना. त्यातले दोन तर कुठल्याही घराला लागू पडतात. पहिला असा, की हातात आत्ता असलेल्या प्रत्येक पैशाला काम नेमून द्यायचे. पुढच्या महिन्याचा पगार अजून आलेला नाही, तेव्हा तो वाटून टाकायचा नाही. दुसरा असा, की वर्षातून एकदाच येणारा मोठा खर्च बारा महिन्यांत विभागायचा. आपल्याकडे उन्हाळ्यात भरायचे साठवणीचे गहू-तांदूळ, जूनची शाळेची फी, विम्याचा हप्ता, गणपती, दिवाळी, घरपट्टी. हे खर्च दरवर्षी ठरल्या वेळी येतात आणि दरवर्षी अचानक आल्यासारखे वाटतात. पोस्टाची आवर्ती ठेव आणि भिशी या त्यावर आपल्याकडे केव्हापासून वापरात असलेल्या तोडी आहेत. मीचमने ही शिस्त रकान्यात बसवली आणि ती शिकवण्याची जबाबदारीही घेतली. त्याची कंपनी आजही फुकट वर्ग घेते. घरात तक्ता बनवणारा माणूस शेजारी बसून समजावून सांगू शकतो. तक्ता विकला की तो माणूस सोबत जात नाही, आणि त्याची जागा शिकवण्यानेच भरून काढावी लागते.

याच्या शंभर वर्षे आधी, १९०४ साली, जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी घरखर्चाची छापील वही काढली होती. आदल्या वर्षी त्यांनी नवऱ्याच्या साथीने गृहिणींसाठी मासिक सुरू केले होते आणि स्वतःच्या संसारात पडणारे प्रश्न त्यात मांडत होत्या. खर्चाची नोंद ठेवणाऱ्या वह्या नव्या नव्हत्या. त्यांच्या वहीचे वैशिष्ट्य हे, की आधी अंदाजपत्रक ठरवायचे आणि मग प्रत्यक्ष खर्च त्याच्याशी ताडून पाहायचा. पुढे १९३० मध्ये मासिकाच्या वाचक बायकांची देशभर संघटना झाली, आणि त्या एकत्र बसून आपापले हिशेब अभ्यासू लागल्या. ती वही अजूनही दरवर्षी छापली जाते आणि बायका ती पैसे देऊन घेतात. सव्वाशे वर्षे टिकू पाहणाऱ्या या व्यवसायात ग्राहकाच्या खिशाची चोरून ठेवलेली माहिती नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथेच. हिशेबाच्या साधनाचे पैसे कोण देतो, यावर ते साधन कोणाच्या बाजूने बोलणार हे ठरते. अमेरिकेत २००७ साली ‘मिंट’ हे फुकट ॲप आले. बँक खाती जोडली की खर्चाची वर्गवारी ते आपोआप करी. ‘इंट्यूट’ या कंपनीने २००९ मध्ये ते १७ कोटी डॉलरला विकत घेतले. मिंटची कमाई मुख्यतः वापरणाऱ्यांना क्रेडिट कार्डे आणि कर्जे सुचवण्यातून होत होती. मार्च २०२४ मध्ये ते बंद झाले. आपल्याकडे ‘वॉलनट’ हे ॲप बँकेचे एसएमएस वाचून खर्च मांडून दाखवत असे. २०१८ मध्ये ते ‘कॅपिटल फ्लोट’ या कर्ज देणाऱ्या कंपनीने घेतले. यात बेकायदा काहीच नाही. पण कर्ज विकून पोट भरणारी वही तुम्हाला ‘या महिन्यात हे घेऊ नका’ असे मनापासून कसे सांगणार? मीचमच्या कंपनीने २०१५ अखेर एकरकमी किंमत सोडून वर्गणी लावली, तेव्हा जुने ग्राहक नाराज झाले. त्यांची नाराजी मला समजते. तरीही, वहीचे पैसे वही लिहिणाऱ्यानेच द्यावेत, हीच रीत मला सरळ वाटते.

आपल्या घरांसाठी असे काही बनवणाऱ्याने आणखी एका गोष्टीचा विचार करायला हवा. घरच्या तक्त्यात नावे घरची असतात. एखाद्या ओळीत नुसते ‘आत्या’ लिहिलेले असते; आत्याच्या औषधांना दरमहा किती जातात हे घराला माहीत असते. बाजारात आणताना ही ओळ पुसून तिथे ‘आरोग्य’ किंवा ‘इतर’ असा तयार रकाना देण्याचा मोह होतो. तो टाळावा. आत्याची ओळ घालायची की नाही हे विकत घेणाऱ्या घराने ठरवावे.

आणि डाळीच्या डब्यात ठेवलेले पैसे. कितीतरी बायकांनी घरखर्चातून वाचवलेल्या अशा पैशांवर मुलीची फी भरली आहे, माहेरी अडचणीत मदत पाठवली आहे, कधी घर सोडायची वेळ आली तर तिकीट काढले आहे. सगळ्या कुटुंबाचा हिशेब एका फोनवर उघडा दाखवणारे ॲप हा डबा नाहीसा करते. खाते नवऱ्याचे असेल तर यूपीआयने दहा रुपयांच्या चहाचीही नोंद त्यावर उमटते. म्हणून कुटुंबाच्या सामायिक हिशेबात प्रत्येकाचा एक बंद कप्पा हवा, ज्याची फक्त एकूण रक्कम दिसेल, आत काय आहे ते दिसणार नाही. एकट्याने स्वतःसाठी तक्ता बनवणाऱ्याला हे सुचत नाही, कारण त्याच्या तक्त्यात तो एकटाच असतो. विकायला निघण्याआधी त्याने तो आपल्या आईच्या आणि बायकोच्या हाती महिनाभर द्यावा, आणि त्या कोणत्या ओळी रिकाम्या ठेवतात ते पाहावे.