प्रेतापासून गावापर्यंतचे अंतर

मोशेच्या नियमशास्त्रात एक विलक्षण विधी सांगितला आहे. अनुवादाच्या २१ व्या अध्यायाच्या आरंभीच तो येतो, पण आपल्या व्यासपीठांवरून त्यावर प्रवचन झालेले मी तरी फारसे ऐकलेले नाही. रानात एखाद्याचे प्रेत सापडले आणि मारेकरी कोण हे कळले नाही, तर वडीलजनांनी व न्यायाधीशांनी बाहेर यावे आणि तेथून सभोवारच्या गावांपर्यंतचे अंतर मोजावे. जे गाव सर्वांत जवळचे ठरेल त्या गावच्या वडीलजनांनी एक कालवड वाहत्या ओढ्याच्या खोऱ्यात नेऊन तिची मान मोडावी, तिच्यावर हात धुवावेत, आणि हा वध आपण केला नाही व होताना पाहिलाही नाही अशी ग्वाही देऊन देवाजवळ क्षमा मागावी.

या वडीलजनांवर खुनाचा आरोप नाही. तरीही त्यांना घरी बसण्याची मुभा नाही. रक्त त्यांच्या हद्दीत सांडले आहे. हद्द ज्यांच्या हाती, त्यांना प्रेताजवळ येऊन उभे राहावेच लागते.

हिंसक गुन्हे आणि अमली पदार्थांचा चोरटा व्यापार यांसाठी शासनाला जबाबदार धरावे काय, असा प्रश्न निघाला की दोन उत्तरे तयार असतात. जो गुन्हा करील तोच भरील, त्यात सरकारचा काय दोष, हे एक. सगळे सरकारच करविते, हे दुसरे. दोन्ही उत्तरांत अंतर मोजण्याचे कष्ट टाळलेले असतात. एका प्रकरणापुरते ते मोजून पाहू.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत दुपारच्या दोन-अडीच तासांत झालेल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्याआधी जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे रात्री मालाच्या पेट्या उतरल्या होत्या. शेखाडीला उतरलेल्या मालात आरडीएक्स होते. दिघीहून निघालेला माल गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडविलाही होता. मग बोलणी झाली, आणि लाचेची रक्कम मिळेपर्यंत तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेऊन गाड्या सोडण्यात आल्या. विशेष टाडा न्यायालयाने या खटल्यात पोलीस आणि कस्टम्सच्या माणसांनाही दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ च्या निकालात या दोन्ही खात्यांच्या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले.

समजा, पेट्यांत नेहमीप्रमाणे चांदीच आहे असे फाट्यावरच्या शिपायाला मनापासून वाटले. तेवढ्याने तो सुटतो काय? मला वाटते, नाही. आणि येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. पेटी न उघडण्याबद्दलच त्याला पैसे मिळत होते. आत काय आहे हे ठाऊक नसणे, हीच त्याने विकलेली वस्तू होती. चोरट्या मालासाठी एकदा वाट तयार झाली की आत काय आहे हे ती विचारीत नाही. घड्याळे, सोने, चांदी, गर्द, स्फोटके, सर्वांना ती सारखीच मोकळी असते. १९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या वस्त्यांतून गर्द पसरली. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले आणि १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू झाले. तेथे आलेल्या मुलाच्या हाती ती पुडी पोहोचेपर्यंत वाटेत किती डोळ्यांनी न पाहण्याचे मोल घेतले असेल? वडीलजनांच्या ग्वाहीत हातांबरोबर डोळेही का आहेत, हे येथे उमगते.

आणि आपण? त्या काळी नाताळापूर्वी आमच्या घरी ‘बाहेरचा’ माल येत असे. परदेशी सेंटची बाटली, एकदा वडिलांसाठी घड्याळ. कोठून आले हे कोणी विचारीत नसे. स्वस्त मिळाले याचेच कौतुक. त्याच घड्याळाकडे पाहून आम्ही उपासनेला वेळेवर पोहोचत होतो. फाट्यावरच्या शिपायाला दोष देताना हे आठवते. म्हणून त्याचा दोष उणा होत नाही. बोट दाखविणारा हात मात्र थोडा थरथरतो.

परंतु फाट्यावरचा शिपाई म्हणजे शासन नव्हे. स्फोटांनंतर केंद्र सरकारने तेव्हाचे गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गुन्हेगारी टोळ्या, राजकारणी आणि सरकारी नोकर यांची साखळी झाली आहे, तस्करी आणि अमली पदार्थांचा पैसा त्या साखळीला पोसतो, आणि देशाच्या काही भागांत टोळ्यांचेच समांतर राज्य चालते, असे या समितीने ऑक्टोबर १९९३ मध्ये कळविले. हा अहवाल संसदेपुढे आला तो ऑगस्ट १९९५ मध्ये, आणि तोही मोजक्या पानांचा. ज्या माहितीवर तो उभा होता ती जनतेसमोर आली नाही. येथे आपण पाहिले नाही असे शासनाला म्हणता येणार नाही. त्याच्याच गृहसचिवाने पाहिले, लिहिले आणि सही केली.

कोणी म्हणेल, प्रत्येक गुन्ह्याचा जाब सरकारला विचारू लागलात तर ते प्रत्येकाच्या घरात शिरण्याचा अधिकार मागेल. ही भीती खोटी नाही. १९८७ चा टाडा कायदा अशाच भीतीतून आला; त्याखाली निरपराधही दीर्घकाळ कोठडीत खितपत पडले, आणि १९९५ मध्ये तो संपुष्टात येऊ द्यावा लागला. म्हणून मी हे मागत नाही की शासनाने एकही गुन्हा होऊ देता कामा नये. ते देवालाच शक्य, आणि त्यानेही मनुष्याला मोकळे ठेवले आहे. मागणे एवढेच की जेथे शासनाच्या माणसाने वाट मोकळी करून दिली, तेथे शासनाने बाहेर यावे आणि स्वतःला मोजू द्यावे.

कायदा हे मानतो, पण अर्धवट. अमली पदार्थविरोधी १९८५ च्या कायद्याच्या ५९ व्या कलमात गुन्हेगाराला सामील होणाऱ्या अधिकाऱ्याला कठोर शिक्षा आहे. मात्र सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून न्यायालयाला त्या गुन्ह्याची दखल घेता येत नाही. खोट्या तक्रारींपासून प्रामाणिक अधिकाऱ्याचे रक्षण व्हावे हा हेतू समजतो. तरी अंतर मोजण्याची दोरी ज्याचे अंतर मोजायचे त्याच्याच खिशात राहिली. पिलातानेही हात धुतले होते. पण अधिकार हाती असताना, आणि समोरचा निर्दोष आहे हे जाणून. रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायात पौल अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो. आपण तो अध्याय आज्ञापालनासाठीच वाचतो. सेवकाला हिशेब द्यावा लागतो, हे त्या शब्दातच आले.

स्फोटांच्या आधी, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये, त्याच मुंबईत दंगली झाल्या होत्या. त्यांत ९०० माणसे मेली आणि १६८ बेपत्ता झाली. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कायदा व सुव्यवस्था राखण्यात आणि लोकांच्या जीविताच्या हक्काचे रक्षण करण्यात राज्य अपयशी ठरले, म्हणून नुकसानभरपाई देणे त्याला भाग आहे. सुरे राज्याने चालविले असे न्यायालयाने म्हटले नाही. बेपत्ता झालेल्यांपैकी ६० जणांच्याच वारसांना तोवर भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ जणांची कुटुंबे आता कोठे राहतात, हे तीस वर्षांनंतर शासनाने शोधावे असा आदेश झाला.