आठशे मीटर कुणासाठी?

म्हसवडच्या मुलींना पहाटे सरावाला नेताना एक प्रश्न हल्ली मला सोडत नाही. या पोरी पळतात, ते मला नेमकं कशासाठी हवं आहे?

ललिता बाबरचं नाव घेतल्याशिवाय आमचा सराव सुरू होत नाही. ती याच माण तालुक्यातली, मोहीची. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती सलग तीनदा पहिली आली आणि मग तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळली. २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी, अशी ही शर्यत. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय महिला ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी पळली. १५ ऑगस्टच्या त्या शर्यतीत ती दहावी आली.

आता मन मोकळं करून सांगतो. पालकांशी बोलताना मी तो विक्रम सांगतच नाही. ललिता पुढे सरकारी अधिकारी झाली, एवढंच सांगतो, कारण तेच त्यांच्या मनाला पटतं. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, म्हणून बापही पोरीला मैदानावर पाठवतो. यात वाईट काही नाही. कोरडवाहू रानावर जगणाऱ्या घरात पक्की नोकरी म्हणजे केवढा आधार, हे मी पाहिलंय. पण भरती झाली की पळणं संपतं, आणि नाही झाली तर लग्नाच्या बोलण्यात संपतं. दोन्हीकडे संपणाऱ्या वाटेवर मी त्यांना उभं करतो का?

याहून जास्त टोचतं ते ताट. ८०० मीटरमध्ये पहिली फेरी जोरावर निघून जाते. दुसऱ्या फेरीत रक्त पुरेसा प्राणवायू पोचवू शकत नाही, पाय जड होतात आणि तिथेच शर्यत ठरते. रक्तच कमी असेल तर ती पोर काय करणार? पाळी सुरू झालेल्या मुलीला लोह जास्त लागतं आणि सरावाने ती गरज आणखी वाढते. भल्या पहाटे चहावर आलेल्या मुलीचं टायमिंग घसरलं की तिला आळशी ठरवणं फार सोपं असतं. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला चारा छावणी उभी राहिली. जनावर उपाशी राहू नये, याची काळजी या गावाने घेतली. पळणाऱ्या पोरीने काल रात्री काय खाल्लं, हे विचारायला मात्र आम्हाला संकोच वाटतो. पाळीबद्दल तर पुरुष प्रशिक्षक बोलतच नाही.

माझा निवाडा मी केलाय. मुलीचं हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय मी तिचं अंतर वाढवणार नाही. आणि ललिताची गोष्ट सांगताना तो दहावा नंबर आधी सांगेन. ऑलिम्पिकच्या त्या शर्यतीत पहिल्या दहा बायकांत माणची एक होती, यापुढे पदाची गोष्ट दुय्यम आहे.

पालकांना एवढंच सांगणं आहे: पोरीला भरतीसाठी जरूर पळवा, पण तिच्या भाकरीबरोबर शेंगदाणे, गूळ, कडधान्य, जमेल तर अंडं द्या. आणि भरतीचा निकाल काहीही लागला, तरी तिचे बूट काढून घेऊ नका.