दगड मारणारी मुले कोणाची?

थोरामोठ्यांची चरित्रे मुलांना सांगावीत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न उभा राहतो तो त्या चरित्रांतले काय सांगावे आणि काय राखून ठेवावे, हा. गेल्या पावसाळ्यात धानाची रोवणी आटोपून कामठा गाव जरा निवांत झाले असताना माझ्या सात वर्षांच्या नातवाने हा प्रश्न माझ्यापुढे ठेवला.

निमित्त होते नागपूरहून एका आप्ताने पाठविलेल्या चित्रपुस्तकाचे. लॉरेन्स अ‍ॅनहोल्ट या इंग्रज लेखक-चित्रकाराचे हे पुस्तक १९९४ साली निघाले. फ्रान्समधील आर्ल गावी टपाल खात्यात नोकरीला असलेल्या रूलँ यांचा मुलगा कामीय आणि गावात नव्याने राहावयास आलेला व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांच्या मैत्रीची ही कथा. रूलँ कुटुंब खरोखरच होऊन गेले. व्हिन्सेंटने त्या घरातील सर्वांची चित्रे काढली आहेत. मी इंग्रजी मजकूर मनातल्या मनात वाचून मराठीत सांगत होतो. सूर्यफुलांशी नातू बराच रेंगाळला. पुढे गावातली मुले चित्रकाराला हसतात, दगड मारतात, असा प्रसंग येतो. तेथे त्याने माझा हात धरला. ‘‘आजोबा, ही दगड मारणारी मुलं कोणाची?’’

‘‘गावातलीच,’’ मी म्हणालो.

‘‘म्हणजे कामीयच्या शाळेतली?’’

मी होकार दिला आणि पान उलटले. उलटताना माझ्या लक्षात आले, की मला ते पान लवकर संपावे असे वाटत होते.

हे पुस्तक घरात आले तेव्हा माझी चिंता निराळीच होती. १८८८ च्या डिसेंबरात व्हिन्सेंटने स्वतःच्या कानावर वस्तरा चालविला आणि १८९० च्या जुलैमध्ये त्याचा शेवट कसा झाला, हे बालकाला कसे सांगावे? अ‍ॅनहोल्टने यांपैकी काहीच सांगितलेले नाही. प्रथम मला ही पळवाट वाटली. आता वाटत नाही. मनोरुग्णाच्या वेदनेचे आकलन सातव्या वर्षी होत नाही. ते सत्य पंधराव्या वर्षापर्यंत थांबू शकते. राखून ठेवणे आणि पुसून टाकणे यांत फरक आहे. परंतु दगड त्याने राखून ठेवले नाहीत, ते पुस्तकातच ठेवले. दगड मारणे म्हणजे काय, हे सात वर्षांच्या मुलाला पुरेपूर कळते. कित्येकदा त्याच्या हातातही एखादा असतोच.

आपण मोठी माणसे नेमके याच्या उलट वागतो. कानाची हकीकत चवीने सांगतो, आणि १८८९ मध्ये आर्लच्या सुमारे ३० शेजाऱ्यांनी या माणसाला कोंडून ठेवावे म्हणून नगराध्यक्षांकडे अर्ज केला होता, हे कोणाच्या लक्षात राहत नाही. बोरिनाझच्या कोळसा-खाणीत तो सुवार्तिक म्हणून गेला, अंगावरचे कपडे गरिबांना देऊन स्वतः झोपडीत निजला, आणि १८७९ मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही, हेही असेच विस्मरणात जाते. कलावंताचे वेड सांगणे सोपे असते, कारण ते त्याचे असते.

आर्ल दूर आहे. तेथले शेजारी आपले कोणी नव्हेत. म्हणून जवळचे उदाहरण घेतो. आंजेलो द फोन्सेका १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव येथे जन्मले, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या सहवासात शिकले आणि पवित्र मरियेला साडी नेसवून, आपल्या मातीतला चेहरा देऊन रंगवू लागले. गोव्यात त्यांची निर्भर्त्सना झाली, ती आपल्याच लोकांकडून. (गालीलातील ती स्त्री युरोपीय होती, असे निर्भर्त्सना करणाऱ्यांना वाटत होते की काय, कोण जाणे.) त्यांना आसरा मिळाला तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात, म्हणजे अँग्लिकन बांधवांकडे. मुंबईचे येशूसंघीय इतिहासकार फादर हेन्री हेरास यांच्यासारख्या मोजक्यांनीच त्यांना पाठबळ दिले. १९६७ मध्ये ते निवर्तले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यातील पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

या आयुष्यावर मराठीत कोणी चित्रपुस्तक करील, तेव्हा त्यात दगडांचे पान असेल काय? माझे एक शिक्षक-मित्र म्हणतात, नसावे. लहानग्यांच्या मनात आपल्या समाजाविषयी, धर्मगुरूंविषयी किल्मिष कशाला पेरायचे? चित्रे दाखवावीत, पुढे संग्रहालयात मान मिळाला असे सांगावे, पुस्तक मिटावे. त्यांची कळकळ मी जाणतो. पण ‘पुढे सर्वांना ती चित्रे आवडली’ हा शेवट मला खटकतो. ज्याला दगड लागले त्याला त्याचा काय उपयोग? शिवाय, पेत्राचा तीन वेळचा नकार शुभवर्तमानकारांनी गाळला नाही. नाझरेथकरांनी येशूला कड्यापर्यंत ढकलत नेले, हेही लूकने लिहून ठेवले. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण हे बालकांना बिनदिक्कत सांगतो आणि त्यांची श्रद्धा ढळत नाही. मग १९३० च्या सुमाराची गोष्ट सांगताना आपली जीभ का अडखळते?

मित्राला हे पटलेले नाही. नाताळात ते येतील तेव्हा पुस्तक त्यांच्यापुढे ठेवणार आहे. वाचून दाखविण्याचे काम नातवाने आपणहून घेतले आहे. इंग्रजी त्याला येत नाही, पण गोष्ट त्याला पाठ आहे, आणि त्या पानावर तो अजूनही थांबतो.